हवेचा हिशेब : शून्य नेमका कुठून धरायचा?

मे महिन्यातली दुपार. आर्वीहून गावाकडे परतताना पंक्चरच्या दुकानाशी गाडी थांबवली. मागच्या चाकात सकाळी घरीच पायपंपाने मोजून ३० पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड भार, ते दाबाचं माप) हवा भरली होती. दुकानदाराने मीटर लावलं तर काटा ३६ वर.

"सर, हवा जास्त झाली. काढून देऊ काय थोडी? नाई त फुटन रस्त्यात."

मी नको म्हटलं. मागे बसलेला दहावीचा पोरगा मात्र वही-पेन नसताना बोटांवर हिशेब करत होता. बंद डब्यातल्या हवेचा दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे त्याला पाठ. सकाळी हवा २७ अंश होती. आता टायरला हात लावता येत नाही, समजा ६७ अंश. मग ३० गुणिले ६७ भागिले २७, म्हणजे ७४. "सर, ७४ पायजे होते. इथं तं ३६ च हाये."

दुकानदार हसला. मला हसू आलं नाही, कारण तीस वर्षांपूर्वी मीही हेच गणित असंच केलं असतं. नियम पोराला बरोबर माहीत होता. चुकलं होतं ते शून्य, आणि तेही एकदा नाही, दोनदा. दाब, आकारमान आणि तापमान यांचं नातं पुस्तकात अर्ध्या पानात संपतं. ते आपल्या अंगणात, विहिरीवर आणि वावरात कसं तपासायचं आणि कसं वापरायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. सामान सगळं घरातलं किंवा तालुक्याच्या बाजारातलं आहे.

आधी दोन दुरुस्त्या

सेल्सिअसचा शून्य ही माणसाने सोयीसाठी ठोकलेली खुंटी आहे. तिथे पाणी गोठतं, एवढंच. हवेला त्या खुंटीशी काही देणंघेणं नाही. हवेचा हिशेब जुळतो तो त्याच्या २७३ अंश खालच्या शून्यापासून (नेमका आकडा २७३.१५). म्हणून पहिली दुरुस्ती अशी : सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा, केल्विन मिळतात. सकाळचे २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, दुपारचे ६७ म्हणजे ३४०. तापमान अडीचपट वाढलेलंच नाही, जेमतेम तेरा टक्क्यांनी वाढलं.

दुसरं खोटं शून्य पंक्चरवाल्याच्या मीटरवर असतं. टायर पार बसलेला असताना मीटर शून्य दाखवतो, पण त्या टायरमध्ये हवा असतेच. बाहेर आहे तेवढ्याच दाबाची. मीटर फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब सांगतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. नागपूर, वर्धा, अमरावती हा पट्टा साधारण ३०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे तो १४ च्या जरासा वर. दुसरी दुरुस्ती : मीटरच्या आकड्यात १४ मिळवा. किलोच्या भाषेत सांगायचं तर आपल्या उंचीला दर चौरस सेंटीमीटरवर जवळपास बरोबर एक किलो भार आहे. हा एक किलो पुढे फार उपयोगी पडतो, लक्षात ठेवा.

या दोन दुरुस्त्या केल्या की सगळा नियम एका ओळीत मावतो :

दाब × आकारमान ÷ तापमान = न बदलणारी संख्या

अट एकच, आत कोंडलेली हवा तेवढीच राहिली पाहिजे. हवा भरली किंवा गळाली तर ही संख्याही त्याच प्रमाणात बदलते.

असं का होतं? गारपिटीत टिनाच्या छपराखाली उभे राहा. एकेक गार वेगळी ऐकू येत नाही, सलग गडगडाट ऐकू येतो. हवेचा दाब म्हणजे भांड्याच्या भिंतींवर रेणूंचा असाच अखंड मारा. तेवढेच रेणू अर्ध्या जागेत कोंबले तर भिंतीच्या प्रत्येक बोटभर जागेवर दुप्पट टोले बसतात. हवा तापवली तर रेणू जोरात पळतात, त्यामुळे टोले वाढतात आणि प्रत्येक टोला जोराचाही बसतो.

तपासताना मात्र तिघांपैकी एकाला बांधून ठेवावं लागतं. तिघेही मोकळे सोडले तर कोण कोणामुळे हललं ते कळत नाही. मी एकदा असाच फसलो, ते विहिरीच्या प्रयोगात सांगतो.

सिरिंज आणि मिठाच्या पुड्या

इथे तापमान बांधलेलं, दाब आणि आकारमान मोकळे.

मेडिकलमधून २० मिलिची नवी सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या २० वर ओढा आणि टोक एम-सीलने बंद करा. रात्रभर घट्ट होऊ द्या. घाई केली तर पहिल्याच वजनाला हवा फुसकन निघून जाते. सिरिंज दोन विटांच्या फटीत उभी अडकवा आणि दट्ट्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा छोटा चौकोन चिकटवा. वजन म्हणून एक किलोच्या मिठाच्या पुड्या चालतात.

आता दट्ट्याचं क्षेत्रफळ काढायचं. व्यास मोजून वर्ग करण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. शून्यापासून २० पर्यंतच्या खुणांचं अंतर पट्टीने मोजा. माझ्या सिरिंजवर ते ६.७ सेंटीमीटर होतं. २० मिलि म्हणजे २० घन सेंटीमीटर, म्हणून २० भागिले ६.७ म्हणजे जवळपास ३ चौरस सेंटीमीटर. तुमची सिरिंज दुसऱ्या कंपनीची असेल तर आकडा थोडा वेगळा येईल.

वजन ठेवण्याआधी आतल्या हवेवर दर चौरस सेंटीमीटरला १ किलो भार आहेच, तो वातावरणाचा. एक पुडी ठेवली की तीन चौरस सेंटीमीटरवर एक किलो, म्हणजे ०.३३ ची भर पडते आणि एकूण १.३३ होतात. नियम खरा असेल तर २० मिलि हवा १५ वर यायला हवी. दोन पुड्यांना एकूण १.६७, हवा १२ मिलि. तीन पुड्यांना एकूण २, हवा १० मिलि. दाब दुप्पट, जागा निम्मी.

पहिल्या खेपेला असं बरोबर येणार नाही. रबराचा दट्ट्या नळीला चिकटतो. त्यावर उपाय असा : वजन ठेवल्यावर दट्ट्या हाताने थोडा खाली दाबून सोडा, जिथे थांबेल ते वाचा. मग थोडा वर ओढून सोडा, तेही वाचा. दोन्हींची सरासरी घ्या. दट्ट्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब फिरवला तरी बराच फरक पडतो. दुसरी गोष्ट, वजन ठेवल्या ठेवल्या वाचू नका. झटक्यात दाबलेली हवा तापते. पायपंप मारताना त्याचं नळकांडं बुडाशी गरम लागतं, ते बरंचसं याच कारणाने. अर्धा मिनिट थांबा म्हणजे आतली हवा पुन्हा खोलीच्या तापमानाला येते.

मुलांचा एक प्रश्न हमखास येतो : मिठाच्या वजनात तो वातावरणाचा एक किलो का मिळवायचा? न मिळवता गुणाकार करून बघा म्हणावं. एक पुडी ०.३३ गुणिले १५ म्हणजे ५, दोन पुड्या ०.६७ गुणिले १२ म्हणजे ८, तीन पुड्या १ गुणिले १० म्हणजे १०. काही जुळत नाही. मिळवून केलं की तिन्ही वेळा २०.

रॉबर्ट बॉइलने हे मिठाऐवजी पाऱ्याने केलं. एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या काचेच्या नळीत तो पारा ओतत गेला आणि कोंडलेल्या हवेची उंची मोजत गेला. त्याचे आकडे १६६२ साली छापले गेले.

विहिरीत सोडलेली नळी

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग, आणि विदर्भात तो करायला विहिरी भरपूर आहेत. कठडा असलेली विहीरच निवडा, काम मोठ्यांनी करा, मुलांनी आकडे लिहावेत. कोणीही पाण्यात उतरायचं नाही, दोर वरूनच सोडायचा.

गवंड्याची लेव्हल बघायची पारदर्शक नळी हार्डवेअरमध्ये मिळते. तिचा ६० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. एक टोक दुमडून तारेने आवळा, वरून एम-सील लावा. नळी आतून खडखडीत कोरडी करा, चिमूटभर कुंकू टाकून हलवा आणि जास्तीचं झटकून टाका. आत कुंकवाचा पातळ थर बसतो. पाणी जिथवर चढेल तिथवर तो धुऊन निघतो, म्हणजे नळी वर काढल्यावरही खूण शिल्लक राहते. नळी बांबूच्या कामटीला सरळ बांधा, बंद टोक वर, उघडं टोक खाली. खाली दगड बांधा. दोराला दर फुटावर गाठ मारा.

साधारण ३३ फूट पाण्याचा भार एका वातावरणाइतका होतो. पुस्तकात ३४ दिसेल, ते समुद्रसपाटीचं. आपल्याकडे ३३ धरा. मग ११ फूट पाण्याखाली एकूण दाब ३३ अधिक ११, म्हणजे ४४ फुटांचा. हवेची लांबी ६० गुणिले ३३ भागिले ४४, म्हणजे ४५ सेंटीमीटर उरली पाहिजे आणि पाणी १५ सेंटीमीटर चढलं पाहिजे. खोली मोजताना नळीच्या तोंडापर्यंत मोजू नका, आत चढलेल्या पाण्याच्या पातळीपर्यंत मोजा. अर्ध्या फुटाचा फरक इथेच पडतो.

आता माझी फजिती. मी हा प्रयोग पहिल्यांदा भर मे महिन्यात, दुपारी दोनला केला. नळी वर काढली तर कुंकू सव्वासतरा सेंटीमीटरपर्यंत धुतलेलं. वाटलं, बंद टोक गळतंय. बादलीत बुडवून, फुंकर मारून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. पुन्हा नळी वाळवली, पुन्हा कुंकू, पुन्हा सोडली. पुन्हा सतरा-सव्वासतरा. तिसऱ्या खेपेला दोर धरून उभी असलेली आठवीतली पोरगी म्हणाली, "सर, नळी वरतं तापून हाये नं. पाणी तं गार हाये."

बाहेर हवा ४३ अंश, म्हणजे ३१६ केल्विन. विहिरीचं पाणी २७ अंश, म्हणजे ३००. दाबाने ४५ झालेली हवा गार होऊन ४५ गुणिले ३०० भागिले ३१६, म्हणजे ४२.७ वर आली. ६० मधून वजा करा, १७.३. नळी गळत नव्हती. मी तापमान बांधलेलं आहे असं नुसतं गृहीत धरलं होतं, बांधलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही नळी विहिरीच्याच पाण्यात भिजवलेल्या दुपट्ट्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवली आणि मग लगेच सोडली. खूण पंधराच्या जरा वर आली. हिवाळ्यात पहाटे कराल तर उलट घडेल : हवा गार, पाणी कोमट, पाणी कमी चढेल. सगळ्यात बरी वेळ म्हणजे श्रावण-भाद्रपदातली संध्याकाळ. तेव्हा हवा आणि पाणी यांच्या तापमानात फारसं अंतर नसतं, आणि विहिरीला पाणीही भरपूर असतं.

ही युक्ती उलटी चालवली तर नळी खोली मोजते. १८७० च्या दशकात विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाने, जहाजावरून समुद्राची खोली मोजायला अशीच नळी वापरली. कुंकवाच्या जागी काचेच्या नळीला आतून एक रसायन लावलेलं असे, पाणी लागेल तिथवर त्याचा रंग बदले. त्याच माणसाने १८४८ साली तापमानाचा तो खरा शून्य धरणारी मोजपट्टी सुचवली होती.

गरम बाटली, आणि चुलीवरून −२७३ पर्यंत

आता दाब बांधायचा, तापमान आणि आकारमान मोकळे. हेतू असा की −२७३ हा आकडा पुस्तकावर विश्वास न ठेवता स्वतः काढायचा.

जाड काचेची ६५० मिलिची बाटली घ्या. आतून पूर्ण कोरडी हवी. पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होते आणि हिशेब बिघडतो. मोठ्या गंजात पाणी तापवा, त्यात बाटली गळ्यापर्यंत उभी धरा, तोंड पाण्याबाहेर आणि उघडं. आतली हवा प्रसरण पावून जादा बाहेर निघून जाते. पाणी ८० अंशांवर आलं की आच कमी करून पाच मिनिटं तसंच ठेवा. थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला घ्या. तापाचा थर्मामीटर इथे फुटेल. मग फडक्याने बाटली धरून तोंडावर बूच घट्ट बसवा, बाहेर काढा, बाटली उलटी करून गार पाण्याच्या बादलीत बुडवा आणि पाण्याखालीच बूच काढा. पाणी गटागट आत शिरतं. पातळ काचेची बाटली या धक्क्याने तडकते, म्हणून जाडच घ्यायची.

पुढची पायरी लोक विसरतात. पाच मिनिटांनी बाटली वरखाली करून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एका रेषेत आणा. तेव्हाच आतला दाब बाहेरच्या इतका होतो, म्हणजे खरोखर बांधला जातो. त्याच स्थितीत पुन्हा बूच लावा, बाटली सरळ करा आणि आत आलेलं पाणी मापाने मोजा.

समजा बादलीतलं पाणी २५ अंश आहे आणि १०१ मिलि पाणी आत आलं. म्हणजे ५५ अंशांच्या घसरणीत हवा १०१ मिलिने आकसली, दर अंशाला १.८४ मिलि. याच चालीने ६५० मिलि हवा संपायला किती अंश लागतील? ६५० भागिले १.८४, म्हणजे ३५३. ८० वजा ३५३, उत्तर −२७३. आमचं उत्तर एकदा −२५८ आलं, एकदा −३०१. चुलीवरच्या प्रयोगाला मी एवढी सूट देतो. पण −१०० किंवा −६०० आलं तर बाटली ओली होती किंवा पातळी जुळवली नव्हती, हे खुशाल समजा.

खरी हवा शून्य मिलि होत नाही, त्याआधीच तिचं द्रव होतं. आपण फक्त रेषा पुढे वाढवून ती कुठे टेकते ते पाहिलं. जाक चार्ल्सने हे काम १७८७ च्या सुमारास केलं, पण छापलं नाही. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये स्वतः मोजून छापलं आणि श्रेय चार्ल्सला दिलं. म्हणून नियमाला नाव चार्ल्सचं. हे सगळे तुकडे एका समीकरणात बांधले ते क्लापेरॉनने, १८३४ मध्ये.

आता ते टायर

टायर थोडं ताणलं जातं, पण फार नाही, म्हणून आकारमान बांधलेलं धरू. सकाळी मीटर ३०, खरा दाब ४४. तापमान ३०० वरून ३४० केल्विन. ४४ गुणिले ३४० भागिले ३०० म्हणजे जवळपास ५०. त्यातून १४ वजा केले की मीटरवर ३६. दुकानदाराच्या काट्याने बरोबर तेच दाखवलं होतं. पोराची एकच दुरुस्ती राहिली असती, केल्विन घेतले पण १४ मिळवायचे विसरला असता, तर उत्तर ३४ आलं असतं. जवळचं, पण चूक.

मी हवा काढू दिली असती तर? गरम टायरमध्ये मीटरवर ३० उरले असते, खरा दाब ४४, तापमान ३४०. दुसऱ्या दिवशी सकाळी ३०० केल्विनला ४४ चे ३९ झाले असते आणि मीटरने २५ दाखवले असते. पाच पीएसआय कमी. कमी हवेचं टायर रस्त्यावर जास्त दबतं, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकतात आणि त्या वाकण्याने टायर आणखी तापतं. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा आपल्याकडचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचाच असतो, आणि चालून तापल्यावर दाब वाढणार हे त्यात धरलेलं असतं. समृद्धी महामार्गावर चढायचं असेल तर हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी बघा. पंप दूर असेल आणि टायर तापलेलंच असेल, तर हवा काढू नका. कमी वाटली तर भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

मोटरसायकलच्या टायरला दर १० अंशांमागे साधारण दीड पीएसआय हा अंदाज पुरतो. मे महिन्यात ३० अंशांच्या सकाळी ३० भरलेली हवा डिसेंबरात १० अंशांच्या पहाटे २७ दाखवेल, एक फुंकरही गळालेली नसताना. आणि दोन सकाळचं तापमान सारखं असूनही आठवड्यात काटा ३० वरून २६ वर आला, तर ते काम तापमानाचं नाही. व्हॉल्व्हला थुंकी लावून बघा.

नायट्रोजनबद्दल सारखं विचारलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापल्यावर तोही याच नियमाने वाढतो. तो कोरडा असतो, एवढा फायदा खरा. पण "नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही" हे ऐकलं तर पैसे खिशात ठेवा.

हातफवाऱ्यात औषध किती भरावं

परसबागेतला दोन लिटरचा, वरून दट्ट्या मारायचा फवारा. यात कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते. समजून घेताना साधं पाणीच वापरा, आणि ज्यात कधी कीटकनाशक गेलं नाही असाच फवारा घ्या.

समजा दीड लिटर पाणी भरलं, अर्धा लिटर हवा उरली आणि दट्ट्या मारून दाब बाहेरपेक्षा २ किलोने वाढवला. खरा दाब ३. अर्धा लिटर पाणी फवारल्यावर हवेला एक लिटर जागा मिळाली, दाब दीड झाला, म्हणजे बाहेरपेक्षा फक्त अर्धा किलो जास्त. फवारा मरतो, थेंब जाड पडतात. आता एकच लिटर पाणी भरून बघा. हवा एक लिटर, खरा दाब तोच ३. अर्धा लिटर फवारल्यावर हवा दीड लिटर, दाब २, म्हणजे बाहेरपेक्षा अजून एक किलो जास्त. तेवढंच पाणी गेलं आणि जोर दुप्पट शिल्लक राहिला. मात्र सुरुवातीला दट्टेही दुप्पट मारावे लागले, कारण जास्त जागेत हवा भरायची होती. फुकट काही नाही. मी स्वतः दोन तृतीयांशाच्या वर भरत नाही.

पाठीवरच्या दांड्याच्या पंपात हीच हवा एका छोट्या कोठीत असते. दर दांड्याला बसणारा झटका ती पोटात घेते आणि धार सलग ठेवते. ती कोठी पाण्याने पूर्ण भरली की धार उचक्या दिल्यासारखी येते.

गोबरगॅसची टाकी दुपारी का वर येते

खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पसरवलेल्या जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये लोखंडी टाकी शेणकाल्यावर तरंगते. तिचं वजन तेवढंच, म्हणून गॅसवरचा दाबही तेवढाच. तो बांधलेला. दुपारी टाकी वर आली की लोक म्हणतात, आज गॅस जास्त झाला. तपासायचं असेल तर टाकीवर सेंटीमीटरच्या खुणा रंगवा. सकाळी २७ अंशाला गॅसची उंची १०० सेंटीमीटर असेल तर ४२ अंशाला नुसत्या उन्हाने ती १०५ होते. टाकीच्या आतल्या बाजूला जमलेल्या दवाची वाफ होते, तीही थोडी भर घालते. संध्याकाळी तेवढी टाकी परत बसणार. गॅस किती बनला हे मोजायचं तर दोन सकाळच्या खुणा ताडून बघा, त्याही दोन्ही दिवशी चूल पेटवण्याआधीच्या. दीनबंधू प्रकारात घुमट पक्का असतो, आतला शेणकाला सरकतो, आणि दाबही कमी-जास्त होत राहतो. तिथे ही मोजणी चालत नाही.

सिलिंडरवर हा नियम लावू नका

घरच्या सिलिंडरचा दाब मोजून गॅस किती उरला ते कळेल का, हा प्रश्न दरवर्षी एकतरी पालक विचारतो. कळणार नाही. सिलिंडरमध्ये खाली द्रव असतो आणि वर त्याची वाफ. वाफ वापरली की तेवढा द्रव उकळून तिची जागा भरून काढतो. द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर, उरलेल्या मालावर नाही. सिलिंडर पाऊण भरलेला असो की तळाला आलेला, दाब जवळपास सारखाच. द्रव पार संपला की मग तो भराभर उतरतो, आणि तोवर भाजी अर्धी शिजलेली असते.

डिसेंबरच्या पहाटे ज्योत बारीक होते, ती याच कारणाने. द्रव गार, म्हणून वाफेचा दाब कमी. त्यावर सिलिंडर उन्हात ठेवणं किंवा त्याच्या बुडाशी गरम पाणी ओतणं हा उपाय मुळीच करू नका. तापलेला द्रव फुगतो, त्यासाठीच सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाहीत. ती मोकळी जागा संपली तर पोलाद किती सोसेल याची परीक्षा घरात घ्यायची नसते.

उरलेला गॅस मोजायचा तर धान्याचा काटा आणा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. इथला शून्य तो. नव्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. काटा २१ दाखवतो आणि पट्टीवर १५.८ आहे, तर ५.२ किलो गॅस शिल्लक आहे.